‘बा’ला कंसात कशाला कोंडता?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या मुलांच्या पानावर तुम्ही शब्दांचे अर्थ दिलेत. त्यात ‘बा’पुढं ‘वडील’ आणि कंसात ‘ग्रामीण’ एवढंच छापलंय. आम्ही सगळी भावंडं वडिलांना बाच म्हणत होतो, आणि आमचं घर मंगळवार पेठेत आहे, महापालिकेचा घरफाळा भरणारं. आषाढीला मुख्यमंत्री पंढरपुरात महापूजेला बसले की ‘बा विठ्ठला’ असा मथळा तुम्हीच पहिल्या पानावर देता. तेव्हा हा कंस कुठं जातो? विठोबा, बिरोबा, आपला डोंगरावरचा ज्योतिबा, सगळ्यांच्या शेपटाला हाच बा आहे. ‘मला बा नाही जमत’ यातला बा आणखी निराळा, तो अंग काढून घ्यायच्या कामाचा.

मी एसटीत वाहक होतो. १९८६ साली नवा असताना कोल्हापूर-बेळगाव गाडीवर पाठवलं. कागल, निपाणीपर्यंत सगळं मराठीत निभावलं. संकेश्वर स्टँडवर सत्तरीची एक आजी पायरीवर पाय ठेवून उभी, एका हातात बोचकं, आणि मागं बघून ओरडतेय, ‘बा! लगू बा!’ आत येईना, बाजूला होईना. मागं गर्दी तुंबलेली. मला वाटलं, म्हातारीचा बाप मागं राहिला. विचारलं, ‘आजी, तुमचा बा अजून हाय व्हय?’ पुढची चार बाकडी खदखदून हसली. चालक मान वळवून म्हणाला, ‘अरं, नातवाला बोलावतीया ती. कानडीत बा म्हंजे ये.’ तेवढ्यात उसाचं कांडकं चघळत ते पोरगं आलं आणि मी डबल बेल दिली. ‘लगू’ म्हणजे लवकर, हे मात्र मला आपोआप कळायला हवं होतं.

पुढं त्याच मार्गावर एका वयस्कर गौडांना मी ऐटीत ‘बा, बा’ केलं, तर ते हललेच नाहीत. थोरामोठ्यांना ‘बर्री’ म्हणायचं असतं. बा हा लहानाला किंवा बरोबरीच्याला. आपल्या ‘ये’ आणि ‘या’सारखंच हे, तरी डोक्यात यायला मला महिना लागला.

तिरुपतीला गेलो तर तिथं तेलुगूत ‘ये’ला ‘रा’, आणि तमिळ यात्रेकरूंच्या तोंडी ‘वा’. तमिळमधला सुरुवातीचा ‘व’ कन्नडमध्ये बऱ्याचदा ‘ब’ होतो. केळीला तिकडं वाळै म्हणतात, कानडीत बाळे. म्हणजे वा आणि बा सख्खे भाऊ.

गुजराती बा मात्र थेट आई. सहावीत असताना शाळेची सहल पुण्याच्या आगाखान पॅलेसला गेली होती. कस्तुरबा १९४४ साली तिथंच कैदेत वारल्या. समाधीपुढं गुरुजी म्हणाले, ‘सगळे यांना बा म्हणायचे.’ बाईमाणसाला बा कसं, म्हणून आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. शेवटी गुजरीतल्या एका सराफाच्या मुलानं, तो माझ्याच बाकावर बसायचा, सांगितलं की त्याच्या घरी आजीला मोठी बा आणि आईला बा म्हणतात.

आता नात मोबाइलवर चिनी शिकते. तिचं ऐकलं तर उंच, सपाट सुरात बा म्हणजे आठ आणि सूर वरून खाली टाकला की बाप. माझा सूर दर वेळी आठावरच अडकतो.

तेव्हा पुढच्या रविवारी कंस तेवढा काढा. आणि चौकटीत दोन अक्षरांची जागा निघत असेल तर ‘आई’ही घाला, एका अक्षराचीच निघाली तर ‘ये’ बसेल.

आपला वाचक,
एक निवृत्त एसटी वाहक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर