ताई, टोमॅटोच्या त्या कामासाठी मनापासून थँक्यू

प्रिय ताई,

फोनवर आभार मानले असते तर तू "बास कर आता" म्हणून विषय बदलला असतास, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. लॅबमधली सीनियर ज्युनियरला जे शिकवते ते कुठल्याच रिसर्च पेपरात छापून येत नाही ना.

टोमॅटोच्या हार्मोनवर काम करायचं ठरलं तेव्हा तू आधी फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूचा रिसेप्टर, म्हणजे तो वायू ओळखणारं पेशीतलं प्रोटीन, समजावलास. इथिलीन नसताना तो पिकणं दाबून धरतो आणि इथिलीन येऊन चिकटलं की गप्प बसतो, आणि नेव्हर राइप नावाच्या म्यूटंटमध्ये, म्हणजे जीन बदललेल्या टोमॅटोत, इथिलीन चिकटतच नाही म्हणून तो दाबतच राहतो न् फळ काही लाल होत नाही. एवढं कळलं की फळ टिकावं म्हणून रिसेप्टरचा जीन सरळ उडवून टाकणं हा उपाय नाही हे आपोआपच कळतं, उलट फळ लवकर पिकायचं. रिन म्यूटंटचंही तसंच, त्यात रिन नावाचा जीन बिघडलेला असतो. तो जीन नसेल तर पिकणं सुरूच होत नाही असं कित्येक वर्षं सगळे धरून चालले होते, आणि 2017 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी क्रिस्परने, म्हणजे जीन कापून बदलायच्या तंत्राने, तो बंद केला तरी फळं थोडीफार लाल झालीच, म्हणजे जुन्या म्यूटंटमधलं प्रोटीन नुसतं निकामी नव्हतं तर स्वतःच खोडा घालत होतं! जीन बंद पडणं वेगळं आणि बिघडून आडवं येणं वेगळं, हे तू इतक्या वेळा बजावलंस की आता कुठलाही म्यूटंट दिसला की पहिला प्रश्न तोच पडतो.

मग आपलं आयएए9. परागीभवन होईपर्यंत हे प्रोटीन अंडाशयाला वाढू देत नाही, नंतर ऑक्झिन हे वाढीचं हार्मोन वाढलं की ते मोडतं आणि फळ धरायला लागतं. उष्णतेत परागकण निकामी होतात न् फुलं गळून जातात, म्हणून आयएए9 चा जीन बंद करून हा ब्रेक काढून बघायचा. माझ्या मते टोमॅटोत सध्या यापेक्षा गरजेचं काम नाही.

बीजपत्रांचे तुकडे झिएटिन या कोंब फुटवणाऱ्या हार्मोनच्या पोषक मीडियावर ठेवणं, कॅलसमधून, म्हणजे पेशींच्या गोळ्यातून, कोंब फुटायची वाट बघणं, सगळं तू शेजारी उभी राहून करून घेतलंस. पण खरा कस लागला तो फुलांवर. कळी उमलायच्या आदल्या दिवशी पाकळ्या हलक्या हाताने बाजूला करून पुंकेसरांचा पिवळा शंकू चिमट्याने अख्खा काढायचा, स्त्रीकेसराला धक्का नाही लागला पाहिजे, लगेच टॅग बांधायचा. परागकणच नाहीत तरी टॅगवालं फळ फुगलं, कापलं तर आत गर होता आणि बी एकही नाही, तेव्हा तू माझ्यापेक्षा जास्त खूश होतीस.

पानं मात्र बदलली, कातरलेल्या संयुक्त पानाऐवजी साधं अखंड पान. एकच हार्मोन पानालाही लागतो आणि फळालाही, त्यामुळे एक ओढलं की दुसरं हलणारच हे तू आधीच सांगून ठेवलं होतंस. म्हणूनच आता जीन पूर्ण बंद न करता थोडाच ढिला करून बघतोय, आणि पुढच्या पिढीत कॅस9, म्हणजे क्रिस्परची कात्री, गळून गेलेली, फक्त बदल राहिलेली रोपं निवडायचं कामही चालू आहे.

जास्त तापमानातली ट्रायल लागली की कळवतो, ये बघायला. खूप खूप आभार ताई.