लाल शाईतला ‘सेंड’

आदरणीय ताई,

सस्नेह नमस्कार.

परवा आमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीची नवी आवृत्ती बाहेर पडली आणि पहिली आठवण तुमची झाली.

डिसेंबर 2023 मध्ये रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची 1.75 ही आवृत्ती आली, ट्रेटमध्ये (कोणती फंक्शन्स हवीत हे ठरवणाऱ्या इंटरफेसमध्ये) थेट असिंक, म्हणजे मध्येच थांबून पुन्हा चालू होऊ शकणारे, फंक्शन लिहिता येऊ लागले, आणि आता आपले काम सोपे होईल असे मला वाटले होते. झाले भलतेच. असिंक फंक्शन जे पुढे पूर्ण व्हायचे काम हाती देते त्याला फ्युचर म्हणतात; ते एका थ्रेडवरून (कामाच्या धाग्यावरून) दुसऱ्यावर नेता येत असेल तर ते ‘सेंड’. छोट्या उपकरणावर एकाच थ्रेडवर चालणाऱ्या कोडला फ्युचर ‘सेंड’ असण्याची गरज नव्हती. सर्व्हरवर मात्र असिंक कामे चालवणाऱ्या टोकिओ या लायब्ररीचे स्पॉन हे फंक्शन ‘सेंड’ नसलेले फ्युचर स्वीकारीना. म्हणून एकाच इंटरफेसच्या दोन प्रती मी हाताने सांभाळत होतो, आणि एकीत केलेला बदल दुसरीत हमखास राहून जात होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ‘डॉक्युमेंटेशन वाच’ म्हणून मला वाटेला लावले, तर दुसऱ्याने असिंक-ट्रेट हा मॅक्रो, म्हणजे आपल्यासाठी कोड लिहून देणारा कोड, लावायला सांगितले. त्या मॅक्रोचे उपकार मोठे आहेत. पण तो प्रत्येक कॉलला फ्युचर बॉक्समध्ये घालून हीपवर, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मागून घ्यायच्या मेमरीत, ठेवतो, आणि आमच्या उपकरणात हीपच नव्हता. हे सांगेपर्यंतही कोणाला धीर नव्हता.

तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलेत. रस्टच्या असिंक गटाने काढलेल्या ट्रेट-व्हेरियंट मॅक्रोचे नाव सांगून तुम्हाला मोकळे होता आले असते. त्याऐवजी तुम्ही वहीच्या पानावर डावीकडे माझा ट्रेट आणि उजवीकडे मॅक्रो त्यातून जो ट्रेट घडवतो तो, अशा दोन्ही बाजू स्वहस्ते लिहून त्याचा फोटो पाठवलात. उजवीकडे ‘असिंक’ जाऊन ‘इम्प्ल फ्युचर’ (फंक्शन फ्युचर परत देते असे उघड सांगणारे शब्द) आले होते, आणि त्याच्या टोकाला अधिकचे चिन्ह व ‘सेंड’ हा शब्द लाल शाईत होता. खाली एकच ओळ होती: ‘फरक एवढाच; पण तुमची अडचण खरी आहे.’

उत्तरापेक्षा त्या ओळीने मला अधिक आधार दिला, कारण कित्येक आठवडे दोष माझ्याच समजुतीत आहे असे मी धरून चाललो होतो. ज्याला येते त्याने न येणाऱ्याला लाज वाटू न देता समजावणे, हा सज्जनपणा आमच्या व्यवसायात हुशारीहून दुर्मीळ आहे.

दुसरी प्रत मी त्याच रात्री काढून टाकली. आजही कार्गो एक्सपांड हे साधन चालवून मॅक्रोचा विस्तार, म्हणजे त्याने घडवलेला कोड, पाहताना माझी नजर आधी तो लाल ‘सेंड’ शोधते.

आपला कृतज्ञ,
एक प्रोग्रामर