लोक जिथून रस्ता ओलांडतात तिथेच क्रॉसिंग करू या: मोजणीला माणसे हवीत, कामाला साहित्य हवे

दुभाजकाच्या जाळीचा गज वाकवून केलेली फट दिसली की 'लोकांना शिस्त नाही' असे म्हणून मोकळे होता येते. आमच्या समितीला ती फट म्हणजे फुकटात मिळालेले सर्वेक्षण वाटते. बसथांबा या बाजूला, बाजार त्या बाजूला आणि क्रॉसिंग 300 मीटर पुढे असेल, तर जाऊन-येऊन 600 मीटर चालावे लागते, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक. कडेवर मूल किंवा डोक्यावर ओझे असलेला माणूस हा वळसा घेत नाही. अशा माणसाला 'जेवॉकर' म्हणायची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पडली. तिथल्या बोलीत 'जे' म्हणजे गावंढळ. शिवी देऊन रस्ता मात्र सुरक्षित झाला नाही. जगात रस्ते अपघातांत वर्षाला सुमारे 11.9 लाख माणसे जातात. त्यातली 92 टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात, आणि एकूण मृतांत दर पाचांत किमान एक जण पायी चालणारा असतो.

म्हणून हे आवाहन आहे. जिथे माणसे रस्ता ओलांडतात ती ठिकाणे मोजून निश्चित करायची, आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या विभागाच्या व वाहतूक पोलिसांच्या लेखी परवानगीने तिथे क्रॉसिंग उभारायचे. परवानगीशिवाय रस्त्यावर काहीही ठेवणार नाही. रात्री अंधारात ठेवलेला एक दगडही माणूस मारतो.

सगळ्यात जास्त गरज मोजणी करणाऱ्यांची आहे. दर 50 मीटरला दोघे लागतात. एकाने ओलांडणारे मोजायचे: लहान मुले, वृद्ध आणि ओझेवाले वेगळे, पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत, सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8. दुसऱ्याने वेग मोजायचा. रस्त्याकडेला 50 मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा करा. गाडी ते अंतर 6 सेकंदांत कापत असेल तर वेग ताशी 30 किलोमीटर, 4.5 सेकंदांत असेल तर 40 आणि 3.6 सेकंदांत असेल तर 50. किमान 100 गाड्या मोजाव्या लागतात. रांगेत अडकलेली गाडी मोजू नका, तिचा वेग पुढचीने ठरवलेला असतो. मोजणारा अंगावर चमकणारे जाकीट घालून उभा राहिला की चालक आपोआप ब्रेक दाबतात आणि आकडे खोटे येतात. त्यामुळे जाकीट रंगकामाच्या दिवशी घालायचे. मोजताना साध्या कपड्यांत, रस्त्यापासून दूर, आडोशाला थांबायचे.

या आकड्यांतून काय निघते ते पाहा. चार लेनचा रस्ता साधारण 14 मीटर रुंद असतो. सेकंदाला 1.2 मीटर चालणाऱ्याला तो पार करायला 12 सेकंद लागतात, 0.9 मीटर चालणाऱ्या वृद्धाला 15 ते 16. प्रत्येक दिशेने तासाला 900 वाहने विखुरलेली येत असतील, तर दोन्ही बाजू एकदम 12 सेकंद मोकळ्या मिळण्याची संधी दोन गाड्यांमधल्या 400 फटींत जेमतेम एकदा येते. मध्ये थांबायला बेट असले की एका वेळी एकच बाजू आणि 6 सेकंद पुरतात. अशी फट दर पाच फटींत साधारण एकदा मिळते. माणूस तोच, वाहने तितकीच. म्हणून आमच्या यादीत रंगाच्या आधी बेट आहे: किमान 2 मीटर रुंद, मधली वाट रस्त्याच्याच पातळीवर, दोन्ही टोकांना परावर्तक पट्ट्या. वेगवान, अनेक लेनच्या रस्त्यावर नुसते झेब्रा पट्टे मारले तर धोका वाढूही शकतो. चालणारा निर्धास्त होतो, चालक होत नाही. शिवाय पहिल्या लेनमधली बस थांबते, तिच्या आडून माणूस पुढे येतो आणि दुसऱ्या लेनमधल्या गाडीला तो दिसतच नाही. यासाठी थांबण्याची रेषा पट्ट्यांच्या किमान 6 मीटर आधी हवी आणि क्रॉसिंगआधीच्या 10 मीटरांत पार्किंग नको.

साहित्यात 30 मीटरची मोजपट्टी, स्टॉपवॉच, शंकू, चमकणारी जाकिटे आणि बेटासाठी वाळू भरता येतील असे प्लास्टिकचे ठोकळे हवेत. रंग रस्त्यावर पट्टे मारायचाच द्या. घरच्या ऑइलपेंटचा पट्टा पावसात निसरडा होतो आणि दुचाकी घसरते. 14 मीटर रस्त्यावर 50 सेंटिमीटर रुंद व 3 मीटर लांब असे 14 पट्टे म्हणजे 21 चौरस मीटर. दोन हातांना साधारण 17 ते 18 लिटर रंग आणि वरच्या हातावर टाकायला सुमारे 10 किलो काचमणी लागतात. मणी रंग ओला असतानाच टाकायचे, उशीर झाला की चिकटत नाहीत आणि रात्री पट्टा चमकत नाही. धुळीवर मारलेला रंग खपलीसारखा उठतो, म्हणून झाडूवालेही हवेत. वीजकाम येणारा कुणी असेल तर फार बरे. दिवा क्रॉसिंगच्या अगदी डोक्यावर न लावता, येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला थोडा अलीकडे लावायचा असतो. तेव्हा माणूस उजळून दिसतो, एरवी त्याची काळी सावलीच दिसते.

फलक, भोंगे, रेलिंग आणि पादचारी पुलासाठी देणग्या कृपया देऊ नका. पुलावर चढून-उतरून जायला खालून जाण्याच्या दीडपट वेळ लागला की तो जवळपास ओसच पडतो.

रोख मदत पावतीवरच घेतली जाईल आणि खर्चाचा हिशेब दर महिन्याला देणगीदारांना दाखवला जाईल. मोजणीसाठी नाव देताना सकाळ की संध्याकाळ आणि आठवड्यातले कोणते दोन दिवस जमेल ते कळवा. बाजाराचा दिवस आणि साधा दिवस असे दोन्ही मोजायचे आहेत, आणि बाजाराच्या दिवशी माणसे नेहमी कमी पडतात.