रविवारच्या दुरुस्ती-बैठकीआधी वाचा: स्पेक्ट्रमला पॉवर देण्यापूर्वी

मंडळी, रविवारी सकाळी 10 ला नेहमीच्या जागी बसतोय. यावेळी सिंक्लेअर कंपनीचा 1980च्या दशकातला घरगुती संगणक झेडएक्स स्पेक्ट्रम, आणि त्याच्याच प्लस मॉडेलची (रबरीऐवजी कडक प्लास्टिकची बटणं) डेसिबेल्स या भारतीय कंपनीने काढलेली आवृत्ती, डीबी स्पेक्ट्रम प्लस.

माळ्यावरून काढलेलं मशीन "चालतंय का बघूया" म्हणून घरी प्लगला लावू नका. स्पेक्ट्रमच्या 9 व्होल्टच्या पिनमध्ये मधलं टोक ऋण असतं, आजच्या बहुतेक अडॅप्टरच्या नेमकं उलटं. गेल्या खेपेला एकाने राउटरचा अडॅप्टर खुपसला. उरलेली दुपार टीआर4 ट्रान्झिस्टर (बोर्डावर 12 आणि उणे 5 व्होल्ट तयार करणाऱ्या सर्किटमधला) बदलण्यात गेली. (ते महाशय मी.) हा ट्रान्झिस्टर गेला की पहिल्या 16 के (किलोबाइट) मेमरीच्या 4116 नावाच्या चिप्सही धोक्यात येतात. त्यांना 5, 12 आणि उणे 5 असे तिन्ही व्होल्टेज लागतात.

केस उघडताना वरचं झाकण झटक्यात उचलू नका. कीबोर्डच्या दोन प्लास्टिक पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात. चाळीस वर्षांत त्या पापडासारख्या कडक होतात आणि दुमडल्या की तिथेच तुटतात. नवा मेम्ब्रेन (बटणांखालचा, या पट्ट्यांसकट येणारा पातळ प्लास्टिकचा थर) मिळतो, घाबरू नका.

रबरी बटणांच्या मूळ स्पेक्ट्रमचा बोर्ड प्लसच्या केसमध्ये हलवायचा असेल तर खुशाल आणा. 1984 मध्ये सिंक्लेअरनेच तसं किट विकलं होतं, त्यामुळे "मूळपण बिघडलं" ही कुरकुर नको. फक्त जुनी केस आणि स्क्रू फेकू नका.

मल्टिमीटर स्वतःचा आणा. सोल्डरिंग आयर्न दोनच आहेत. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच मशीनचं नाव आणि लक्षण लिहा.