गाळणीखालचे गाजर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. बाळाला येत्या आठवड्यात सहा महिने पूर्ण होतील, डॉक्टरांनी वरचे अन्न सुरू करण्यास संमती दिली आहे आणि भाज्यांची प्युरी करण्याचे काम तू वहिनींकडून हट्टाने मागून घेतले आहेस, हे वाचून फार बरे वाटले. मात्र सरावासाठी केलेल्या गाजराची ‘ओली वाळू’ झाली, म्हणून आता अधिक ताकदीचा मिक्सर घ्यावा का, असे तू विचारतोस, तेथे मला तुला अडवावेच लागेल. मिक्सर घेऊ नकोस. तुझे गाजर कच्चे होते.

हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण माझ्या मुलीच्या वेळी मीही हाच उद्योग केला होता. पाच मिनिटे मिक्सर फिरवला, भांडे बदलले, पाणी वाढवले. कण बारीक झाले, पण गेले नाहीत, आणि थोड्या वेळाने वाटीत वर नारिंगी पाणी आणि खाली चोथा असे दोन थर दिसू लागले. भाजीच्या पेशी पेक्टिन नावाच्या नैसर्गिक चिकट पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात. भाजी पुरेशी शिजली की हे पेक्टिन विरघळते आणि पेशी आपोआप सुट्या होतात. ती अर्धवट शिजलेली असली, तर मिक्सरचे पाते तिचे फक्त तुकडे करत राहते, आणि ते तुकडे आपल्या जिभेला एक वेळ जाणवणार नाहीत, पण बाळाच्या जिभेला नक्की जाणवतात. म्हणून गाजराच्या साधारण एक सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कर आणि त्या पंधरा ते वीस मिनिटे वाफव. त्यानंतरही घड्याळावर विश्वास ठेवू नकोस, चकती दोन बोटांत दाबून पाहा. जराही प्रतिकार न करता तिचा लगदा झाला पाहिजे. आपल्या ताटात वाढली तर आपण नाक मुरडू, इतकी ती मऊ हवी.

उकडण्यापेक्षा वाफवणे मला अधिक पसंत आहे, कारण क जीवनसत्त्व पाण्यात उतरते आणि ते पाणी बहुधा फेकले जाते. गाजर, बीट आणि पालक यांच्यातले नायट्रेट नावाचे क्षारही पाण्यात उतरतात, आणि ते जास्त झाले तर लहान बाळाला अपाय होऊ शकतो. म्हणून या तिघांचे शिजवलेले पाणी प्युरी सैल करण्यासाठी मी कधी वापरले नाही, त्यासाठी उकळून कोमट केलेले साधे पाणी घेत असे.

आता वाटण्याविषयी. मिक्सरचे सर्वांत लहान भांडे घे, कारण मोठ्या भांड्यात मूठभर भाजी कडेला चिकटून बसते आणि पाते मधल्या मध्ये रिकामे फिरते. भाजी कोमट असतानाच वाट. कढत भाजी घालून झाकण घट्ट लावलेस, तर वाफेने ते उडेल. आधी पाणी अजिबात घालू नकोस. भाजी स्वतःच्या ओलाव्यावर जितकी वाटली जाईल तितकी वाटून झाल्यावर एकेक चमचा पाणी घाल, कारण सुरुवातीलाच पाणी ओतले की तुकडे त्यात तरंगतात आणि पात्याखाली येतच नाहीत. शेवटी ती बारीक जाळीच्या गाळणीवर घेऊन चमच्याच्या पाठीने दाबून काढ. या एका कृतीने जे साधते, ते कोणत्याही यंत्राने साधणार नाही. मटाराची प्युरी एकदा गाळून पाहा, म्हणजे जाळीवर उरलेली सालपटे पाहून तुझी खात्री पटेल. ती कितीही वाटली तरी विरत नाहीत.

बटाटा मात्र मिक्सरपासून दूर ठेव. पात्याने त्याच्या पेशी फुटतात, आतला स्टार्च बाहेर येतो आणि कपड्यांना घालतात तशी चिकट खळ तयार होते. उकडलेला बटाटा गरम असतानाच थेट गाळणीवर दाबावा. लाल भोपळ्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. तो नवशिक्याची लाज राखतो.

एक गंमत सांगतो. रताळ्याची छान दाट प्युरी आईच्या दुधात कालवून मी बाजूला ठेवली आणि थोड्या वेळाने पाहतो, तर ती पातळ झालेली! माप चुकले असे वाटून मी पुन्हा केली, पुन्हा तेच झाले. आईच्या दुधात स्टार्च पचवणारे अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) असते, हे मला नंतर कळले. तेव्हा दूध घालायचे असेल, तर अगदी भरवण्याच्या वेळी घाल. प्युरी चमचा तिरका केल्यावर लगेच ओघळणार नाही इतकी दाट असावी, कारण पातळ पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही.

मीठ आणि साखर पहिले वर्षभर घालू नकोस, आणि मध तर मुळीच नको, कारण त्यातून बाळाला बोट्युलिझम ही जिवाणूंमुळे होणारी गंभीर विषबाधा होऊ शकते. नुसत्या भाज्यांवरही थांबू नकोस. सहा महिन्यांच्या सुमारास बाळाच्या शरीरातला लोहाचा साठा कमी होऊ लागतो आणि गाजर-भोपळ्याने तो भरून निघत नाही; त्यासाठी मऊ शिजवलेली डाळ, अंडे किंवा मांस लवकरच आणावे लागते.

उरलेली प्युरी लवकर गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठव, गोठलेले ठोकळे पिशवीत भर आणि पिशवीवर तारीख लिही. फ्रीजमध्ये ती एक-दोन दिवसच ठेवावी, फ्रीझरमध्ये महिनाभर चालते. पालक आणि बीट मात्र त्यांतल्या नायट्रेटमुळे ताजेच द्यावे किंवा लगेच गोठवावे. गरम करताना वाफ येईपर्यंत गरम कर, नीट ढवळ, कोमट झाल्यावर मनगटावर थेंब टाकून पाहा. बाळाचा चमचा ज्या वाटीत बुडाला, तिच्यात उरलेले टाकून दे, कितीही जिवावर आले तरी.

एक कबुली देतो. गुळगुळीत प्युरी साधल्याचा मला इतका अभिमान झाला, की मी गाळणी सोडायलाच तयार नव्हतो, आणि नवव्या महिन्यात मुलीच्या तोंडात भाताचे एक शीत गेले, तर तिने ते अपराध्यासारखे बाहेर काढून टाकले. पुढे काट्याने कुस्करलेल्या अन्नाची सवय लावायला आम्हांला बरेच दिवस गेले. तू तीन-चार आठवड्यांनी गाळणी बाजूला ठेव आणि हळूहळू प्युरी भरड करत जा.

पहिल्या दिवशी एक-दोन चमचे खूप झाले. बाळाने तोंड फिरवले, तर त्या भाजीवर फुली मारू नकोस. एखादी चव आवडायला आठ-दहा वेळा तरी ती समोर यावी लागते. आणि काही आठवड्यांनी बाळाच्या नाकाचा शेंडा आणि तळवे पिवळसर दिसले, तर आधी डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. तो पांढराच असेल आणि बाळ रोज गाजर-भोपळा खात असेल, तर तो त्यातल्या कॅरोटीनचा रंग आहे. डोळेही पिवळे दिसले, तर मात्र तडक डॉक्टरांकडे जा.

वहिनींना नमस्कार, बाळाला अनेक आशीर्वाद. दुसऱ्या गाजराचे काय झाले, ते अवश्य कळव.

तुझा,
जुना मित्र