पंपाआधी निचरा मोजा

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतला घरगुती मत्स्यालयांवरचा लेख वाचला. माशांची निवड, पाण्याची तपासणी यांबद्दल त्यात नीट लिहिलं आहे. पण सम्पच्या, म्हणजे मुख्य टाकीखालच्या गाळणाच्या टाकीतून पाणी वर चढवणाऱ्या पंपाविषयीचं एक वाक्य मला फार खटकलं: टाकीत जितके लिटर पाणी, त्याच्या दसपट ताशी क्षमतेचा पंप घ्यावा. हाच सल्ला मला पंप घेताना मिळाला होता आणि त्यापायी मी घरभर पाणी पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

माझी टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ५० उंच. काठोकाठ धरली तर २७० लिटर. दसपटीच्या हिशेबाने २७०० लिटर झाले. वर चढवताना पाणी कमी होतं, तेव्हा मोठाच घ्या, असं सांगून मला ताशी ४००० लिटरचा पंप देण्यात आला. टाकीतलं पाणी ज्यात ओसंडतं त्या ओव्हरफ्लोच्या कोपऱ्यातून सम्पमध्ये उतरणारी नळी मात्र एकच होती, २५ मिलिमीटरची. तिच्यातून किती पाणी उतरतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही मोजलं नाही.

पंप सुरू करताच कोपऱ्यातलं पाणी चढू लागलं आणि नळी घटाघटा हवा ओढू लागली. मी पंपापुढचा व्हॉल्व्ह आवळत गेले आणि पातळी जिथे थांबली तिथेच तो सोडून दिला. आठवड्याभराने पहाटे कसल्याशा खरखरीने जाग आली. एक गोगलगाय जाळी ओलांडून नळीच्या तोंडात जाऊन बसली होती. सम्पमधल्या पंपाच्या कप्प्यातलं चाळीसेक लिटर पाणी वर गेलं होतं. वरच्या टाकीत काठाखाली चार सेंटिमीटर जागा मोकळी होती, तिच्यात साडेएकवीस लिटर मावलं; बाकीचं जमिनीवर आलं. पंप कोरडाच फिरत होता.

त्यानंतर मी मोजायला बसले. पंपाचं पाणी वरच्या टाकीत सोडणाऱ्या परतीच्या नळीखाली दहा लिटरची बादली धरली. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना ती १४ सेकंदांत भरली, म्हणजे ताशी २५७० लिटर. खोक्यावरचे ४००० कुठे गेले? तो आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळणारा. माझ्याकडे सम्पच्या पाण्यापासून वरच्या पाण्यापर्यंत १४० सेंटिमीटर चढ आहे. शिवाय नळीतलं घर्षण वेगळं. या मापाच्या नळीत काटकोनातला एक एल्बो साधारण पाऊण मीटर सरळ नळीइतका अडथळा करतो. नळी अरुंद केली तर नुकसान फार झपाट्याने वाढतं, म्हणून पंपाचं तोंड बारीक असलं तरी पुढची नळी मोठ्या व्यासाची घ्यावी. कोणत्या उंचीला किती पाणी मिळेल याचा आलेख उत्पादक देतात. खरेदी त्या आलेखावरून करायची, खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावरून नाही.

मग निचरा मोजला. व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत कोपऱ्यातली पातळी पाहिली. बादली २० सेकंदांत भरेपर्यंत नळी निमूट पाणी नेत होती. त्यापुढे पातळी चढायची. म्हणजे माझा निचरा ताशी १८०० लिटरचा. पंप त्याहून कितीही दमदार असो, टाकीतून खाली येणार तेवढंच.

आणि दसपट हवी तरी कशाला? सम्पमधलं गाळण आणि हीटर यांना तासाला टाकीच्या तीन ते पाच पट पाणी पुरतं. टाकीतला प्रवाह वाढवायचा तर वेव्हमेकर, म्हणजे टाकीतच बसवून पाणी घुसळणारे छोटे पंखे, आहेत. ते निचऱ्यावर भार टाकत नाहीत. मी आता १३५० लिटरवर चालवते, पाचपट, आणि निचऱ्यात पाव भाग मोकळा राहतो. पंप आवरायचा तो नेहमी बाहेर जाणाऱ्या बाजूच्या व्हॉल्व्हने. पाणी ओढण्याची बाजू आवळू नये.

गोगलगायीसाठी मात्र नुसता छोटा पंप पुरत नाही. कोपऱ्यात मी दुसरी नळी बसवली, पहिलीपेक्षा थोडी उंच. एरवी ती कोरडी असते, तिच्यावर व्हॉल्व्ह नाही, आणि पंपाचं सगळं पाणी ती एकटी नेऊ शकते. पंपाचा कप्पाही लहान केला, सोळा लिटरचा. दोन्ही नळ्या तुंबल्या तरी ते सोळा लिटर वरच्या चार सेंटिमीटरांत मावतात.

वीज गेल्यावर पाणी उलटं खाली येतं, त्याबद्दल लेखात काहीच नाही. परतीच्या नळीचं तोंड पाण्यात १५ सेंटिमीटर खोल असेल तर माझ्या टाकीतून ८१ लिटर सम्पमध्ये येतील. दोन सेंटिमीटरच खोल ठेवलं तर जेमतेम अकरा. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये एक खडा अडकला की तो गळतो, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नये. सम्पमध्ये या पाण्याला जागा राखलीच पाहिजे.

पुढच्या पुरवणीत दसपटीचा सल्ला कृपया दुरुस्त करावा. नव्याने टाकी बसवणाऱ्यांना एवढंही सांगावं की मासे सोडण्याआधी मुख्य निचरा बंद करून पंप चालवून पाहा, मग पंपच बंद करून पाहा. दोन्ही वेळा काठाशी उभे राहा. मी हे दर महिन्याला करते. गेल्या महिन्यात दुसऱ्या नळीच्या तोंडाशी शेवाळ धरलेलं सापडलं.

आपली,
एक वाचक