रोग नव्हे, मीठ

मा. संपादक,

उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर २०१३ पासून तारामासे ज्या रोगाने विरघळून मरत होते, त्यामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू असल्याचे संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवून दिले. ती बातमी वाचून माझ्यासारख्या हौशी माणसाच्या पोटात गोळा येतो, म्हणून हे पत्र. माझ्याही टाकीतला तारामासा असाच गेला आणि मीही आधी रोगालाच दोष दिला होता.

निवृत्तीनंतर मी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. मुंबईच्या एका दुकानातून चॉकलेट चिप म्हणतात तो तारामासा आणला. मे महिन्यात पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा लावला. त्याने रोज दोनेक लिटर पाणी उडायचे. तेवढे मी मीठ कालवलेल्या पाण्याने भरून काढायचो. समुद्राचा जीव, त्याला गोडे पाणी कसे घालायचे, हा माझा हिशेब!

तीन आठवड्यांनी तारामाशाचे हात ढिले पडले, पाठीवर पांढरे चट्टे उठले. माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारी विषे म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट. अमोनिया तपासला, नायट्राइट तपासला; दोन्ही शून्य. टाकीतले दोन क्लाउनफिश मासे मजेत फिरत होते, त्यामुळे पाण्याचा संशयच आला नाही. शेवटी एका ओळखीच्या मुलाने रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचे उपकरण, आणून त्यावर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकला. गोडे पाणी १ धरले तर खारे पाणी किती जड, हे त्यात दिसते. १.०२५ असायला हवे तिथे १.०३१! उडते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते आणि वर मी रोज सत्तरेक ग्रॅम मिठाची भर घालत होतो. माझे आजोबा उरणच्या मिठागरात राबले, त्यांच्या नातवाला हे कळू नये? सौभाग्यवती म्हणाली, ‘‘आमटी आटली की खारट होते, मला तरी विचारायचं.’’

पुढची चूक मात्र जास्त महागात पडली. घाबरून मी तासाभरात ३० लिटर पाणी काढून तेवढेच गोडे पाणी ओतले. खऱ्या माशाचे शरीर असा फरक काही प्रमाणात सोसते. तारामाशाला ती सोय नाही. बाहेर जितके खारट, तितकाच तो आतून खारट. त्याचे शेकडो नळीसारखे पायही आतल्या पाण्याच्या दाबावरच चालतात. हेच काम चार-पाच दिवसांत थोडे थोडे करायला हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा एक हात गळून पडला होता. नातीला मी दोन दिवस टाकीजवळ फिरकू दिले नाही.

माझे म्हणणे एवढेच. मीठ बचत व्हावी, परजीवी आटोक्यात राहावेत म्हणून काही दुकानांत पाणी कमी खारट ठेवतात. तिथून जीव थेट घरच्या टाकीत टाकला तर पहिल्याच दिवशी त्याला असा झटका बसतो. तेव्हा विकताना पिशवीवर त्या पाण्याच्या खारटपणाचे रीडिंग पेनाने लिहून द्यावे. दुकानदाराला त्यासाठी एक थेंब आणि अर्धे मिनिट लागेल. मला तर बिलही मिळाले नव्हते, फक्त ‘‘काही नाही काका, टाका सरळ’’ एवढा सल्ला मिळाला.

आपला,
एक निवृत्त एसटी कर्मचारी, उरण